स्थानिक कर आणि दारिद्र्याचा भार : पॉप्लर (१९२१) ते हॅरिंगे (२०१४)

इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास बहुधा मताधिकाराच्या विस्ताराचा आणि नागरी सुधारणांचा इतिहास म्हणून अभ्यासला जातो. या संस्थांच्या पैशाचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः इंग्लंडमध्ये स्थानिक कर जन्मास आला तो रस्ते, दिवाबत्ती किंवा पाणीपुरवठा यांच्यासाठी नव्हे, तर गरिबांच्या पोषणासाठी. त्यामुळे या कराच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होताना दिसतो. एखाद्या वस्तीतील दारिद्र्याचा खर्च त्या वस्तीनेच आपसांत वाटून घ्यावा, की तो अधिक व्यापक घटकाने, म्हणजे संपूर्ण शहराने किंवा राष्ट्राने, उचलावा? १९२१ मध्ये पूर्व लंडनमधील पॉप्लरच्या नगरसेवकांनी या प्रश्नासाठी तुरुंगवास पत्करला. १९४८ पर्यंत त्याचे उत्तर राष्ट्राच्या बाजूने लागल्यासारखे वाटत होते. २०१३ मध्ये मात्र, स्थानिक स्वायत्ततेच्या नावाखाली, त्या उत्तराचा काही भाग मागे घेण्यात आला. या स्थित्यंतराचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पॅरिशचा कर

एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतील १६०१ च्या दरिद्री निवारण कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये देखरेख करणारे अधिकारी नेमून, रहिवासी व मालमत्तेचे भोगवटादार यांच्यावर कर बसविण्याचा अधिकार त्यांना दिला. 'रेट' या नावाने ओळखला जाणारा हा कर म्हणजे मराठी वाचकांच्या परिचयाच्या घरपट्टीचाच पूर्वज होय. त्याची आकारणी पुढे मालमत्तेच्या वार्षिक भाडेमूल्यावर स्थिर झाली व १८३६ च्या कायद्याने तिला निश्चित व्याख्या मिळाली. भाडेमूल्याची हीच कल्पना १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात आली. मुंबईत भाडेनियंत्रणामुळे हे मूल्य दीर्घकाळ गोठून राहिले आणि २०१० मध्ये भांडवली मूल्यावर आधारित आकारणी स्वीकारली जाईपर्यंत तोच पाया कायम होता.

पॅरिश हा कराचा घटक असल्याचे परिणाम विपरीत झाले. गरीब माणूस ज्या पॅरिशचा 'रहिवासी' ठरे, त्या पॅरिशवर त्याचा भार पडे. साहजिकच तो दुसऱ्या कोणत्या तरी पॅरिशचा ठरावा यासाठी सर्वांचीच खटपट चाले. १६६२ च्या वास्तव्यविषयक कायद्याने अशा माणसाला परत पाठविण्याची सोय करून दिली. ज्या पॅरिशमधील सर्व जमीन एकाच मालकाकडे असे, तेथे मजुरांच्या झोपड्या बांधू न देणे किंवा असलेल्या पाडून टाकणे हा कर कमी ठेवण्याचा मार्ग ठरला. असे मजूर शेजारच्या 'खुल्या' पॅरिशमध्ये राहत आणि रोज काही मैल चालून त्याच जमीनदाराच्या शेतावर कामाला जात. श्रमाचा लाभ एका पॅरिशला आणि म्हातारपणाचा खर्च दुसरीला, अशी ही व्यवस्था होती. १८६५ च्या कायद्याने हा भार पॅरिशकडून अनेक पॅरिशांच्या संघाकडे गेला. १८६७ मध्ये लंडनपुरता एक सामाईक दरिद्री निधीही स्थापन झाला. तथापि त्यातून काही ठरावीक खर्चच भागविले जात. बेकाराला घरी राहून मिळणाऱ्या मदतीचा बोजा मुख्यतः त्या त्या भागावरच राहिला.

पॉप्लर, १९२१

पॉप्लर हा गोदीकामगारांचा भाग. वेस्ट इंडिया डॉक आणि ईस्ट इंडिया डॉक याच परिसरात होते. हिंदुस्थानच्या व्यापारातून आलेली संपत्ती येथे उतरत असे, परंतु ती येथे थांबत नसे. माल उतरविणाऱ्याला रोजंदारी मिळे, तीही काम असेल त्या दिवशी. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत १९२० च्या अखेरीपासून बेकारी झपाट्याने वाढली आणि सुमारे १ लाख ६० हजार वस्तीच्या या भागात मदत मागणाऱ्यांची संख्या वाढत गेली. घरे लहान व भाडी कमी, त्यामुळे करपात्र मूल्यही कमी. एका पौंड मूल्यामागे एक पेनी कर बसविला तर वेस्टमिन्स्टरमध्ये जी रक्कम जमे, तिचा एक लहानसा अंश पॉप्लरमध्ये जमे. म्हणजे जेथे गरज सर्वांत मोठी तेथे कराचा दर सर्वांत जड, आणि हा जड दर भरणारे पुन्हा कामगार व किरकोळ दुकानदारच.

नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत येथे मजूर पक्षाला बहुमत मिळाले व जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले. नव्या परिषदेने आपल्या स्त्री-पुरुष कामगारांना आठवड्याला ४ पौंड हे समान किमान वेतन दिले. परंतु तिची खरी कोंडी वेगळीच होती. स्थानिक करातून तिला केवळ आपला खर्च भागवावयाचा नव्हता. लंडन काउंटी कौन्सिल, महानगर पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालये चालविणारे मंडळ यांच्या मागण्यांची रक्कमही तिने वसूल करून द्यावी लागे. मार्च १९२१ मध्ये परिषदेने या बाह्य संस्थांसाठी कर बसवावयाचाच नाही असा ठराव केला. हा ठराव उघडउघड बेकायदेशीर होता आणि नगरसेवकांना त्याची पूर्ण जाणीव होती. जुलैअखेर त्यांनी महापौर सॅम मार्च यांच्यासह पॉप्लरपासून उच्च न्यायालयापर्यंत मिरवणूक नेली. मिरवणुकीतील फलकावर आपण कदाचित तुरुंगाकडे निघालो आहोत, असेही त्यांनी लिहिले होते.

सप्टेंबरमध्ये ३० नगरसेवकांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल अटक झाली. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, तर स्त्रिया हॉलोवेच्या. त्यांत गरोदर असलेल्या नेली क्रेसल होत्या आणि लॅन्सबरी यांच्या सूनबाई मिनी लॅन्सबरीही होत्या. मिनी यांचे १ जानेवारी १९२२ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. तुरुंगातही परिषदेच्या सभा भरल्या. त्यांसाठी स्त्री-सदस्यांना हॉलोवेहून ब्रिक्स्टनला आणले जाई. शेजारच्या स्टेपनी व बेथनल ग्रीन या परिषदांनी पॉप्लरचे अनुकरण करण्याचे ठराव केले. मजूर पक्षात मात्र याबाबत एकमत नव्हते. हॅक्नेचे हर्बर्ट मॉरिसन यांना कायदा मोडण्याचा हा मार्ग पक्षाला घातक वाटत होता आणि त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. १२ ऑक्टोबर रोजी नगरसेवकांची सुटका झाली. त्यानंतर झालेल्या कायद्याने घरपोच मदतीचा खर्चही लंडनच्या सामाईक निधीतून देण्याची तरतूद केली. श्रीमंत भागांनी गरीब भागांच्या बेकारांसाठी पैसे द्यावेत, हे तत्त्व मान्य झाले.

या विजयाचे वर्णन पुष्कळदा येथेच थांबविले जाते, ते योग्य नाही. खर्च सामाईक झाल्यावर त्यावर नियंत्रणही वरून आले. १९२२ मध्ये आरोग्यमंत्री आल्फ्रेड मॉन्ड यांनी मदतीची कमाल श्रेणी ठरविली आणि पॉप्लरने तिची फारशी पर्वा केली नाही. १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ४ पौंडांचे वेतन अवाजवी ठरवून त्याचा भुर्दंड नगरसेवकांवर बसविण्याचा लेखापरीक्षकाचा निर्णय कायम केला. १९२६ च्या कायद्याने वेस्ट हॅमसारख्या ठिकाणची निर्वाचित पालकमंडळे बाजूस सारून तेथे नेमलेली माणसे बसविली, आणि १९२९ च्या कायद्याने ही मंडळेच रद्द केली. अखेर १९४८ मध्ये राष्ट्रीय साहाय्य कायद्याने दारिद्र्यनिवारण स्थानिक करापासून पूर्णतः वेगळे केले. भार गेला आणि त्याबरोबर अधिकारही गेला.

१९९० आणि दुकानदारांचा कर

घरगुती रेट हा गरीब कुटुंबांना जाचक होताच. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १९६६ पासून राष्ट्रीय स्वरूपाची सवलत आली. १९७६ मध्ये लेफिल्ड समितीने स्थानिक आयकराची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही. त्याऐवजी थॅचर सरकारने दरडोई 'कम्युनिटी चार्ज' आणला, स्कॉटलंडमध्ये १९८९ व इंग्लंड-वेल्समध्ये १९९० साली. त्यात अत्यंत गरिबालाही किमान २० टक्के रक्कम भरणे भाग होते. प्रत्येक मतदाराने काहीतरी भरले तरच तो परिषदेच्या उधळपट्टीवर लक्ष ठेवील, असा त्यामागील युक्तिवाद होता. ३१ मार्च १९९० रोजी लंडनमध्ये झालेली दंगल सर्वांना ठाऊक आहे. १९९३ मध्ये या कराची जागा 'कौन्सिल टॅक्स'ने घेतली. त्यासाठी घरांची विभागणी १ एप्रिल १९९१ च्या किमतींनुसार आठ गटांत झाली आणि सर्वांत वरच्या गटाचा कर सर्वांत खालच्या गटाच्या केवळ तिप्पट ठेवला गेला. इंग्लंडमध्ये त्यानंतर घरांचे फेरमूल्यांकन झाले नाही. वेल्सने मात्र ते २००५ मध्ये केले.

१९९० मध्येच झालेला दुसरा बदल कमी गाजला, परंतु तो अधिक दूरगामी होता. दुकाने, कारखाने, कचेऱ्या यांच्यावरील कराचा दर तोपर्यंत परिषदा ठरवीत. तो अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला व 'बिझनेस रेट्स'ची देशभरातील जमा एकत्र करून लोकसंख्येच्या प्रमाणात वाटण्यास प्रारंभ केला. व्यावसायिकांचे मत लंडन सिटी वगळता १९६९ मध्येच रद्द झाले होते. ज्यांना मत नाही त्यांच्यावर परिषदा मनसोक्त कर बसवितात, ही तक्रार निराधार नव्हती. तथापि या बदलानंतर परिषदेच्या हाती स्वतःचे म्हणून सुमारे एक-चतुर्थांशच उत्पन्न उरले. परिणामी खर्चात एक टक्का वाढ करावयाची तर घरगुती करात सुमारे चार टक्के वाढ करावी लागे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुंबईची जकात वस्तू व सेवा कराच्या आगमनाने बंद झाली आणि राज्याच्या नुकसानभरपाईने तिची जागा घेतली. व्यापारावरील स्थानिक उत्पन्नाऐवजी वरून येणारी रक्कम, एवढ्यापुरते हे साम्य लक्षणीय आहे.

२०१३ : अधिकार आणि तूट

१ एप्रिल २०१३ रोजी इंग्लंडमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. बिझनेस रेट्सच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा स्थानिक पातळीवर ठेवण्यास परवानगी मिळाली. त्याच दिवशी कौन्सिल टॅक्स भरण्यासाठी गरिबांना मिळणारा राष्ट्रीय लाभ रद्द झाला. ब्रिटनमध्ये हा लाभ घेणारे सुमारे ५९ लाख होते. त्याऐवजी प्रत्येक परिषदेने आपली करसाहाय्य योजना स्वतः आखावी असे ठरले. मात्र त्यासाठीचा निधी १० टक्क्यांनी कमी करून देण्यात आला.

हा १० टक्क्यांचा आकडा फसवा होता. निवृत्तिवेतनधारकांचा लाभ कमी करता येणार नाही, अशी अट कायद्यानेच घातली होती. म्हणजे ज्या गावात निम्मा लाभ वृद्धांना जात होता, तेथे उरलेल्या गरिबांच्या वाट्याला २० टक्के कपात येत होती. वृद्धांचा वाटा जितका अधिक, तितकी ही कपात तीव्र. शिवाय ज्या परिषदेत लाभार्थी अधिक तिची तूटही मोठी. श्रीमंत परिषदेला ही तूट किरकोळ होती. पॉप्लरच्या पेनीचा हिशेब ९२ वर्षांनी निराळ्या कोष्टकात पुन्हा मांडला गेला होता. वेल्स व स्कॉटलंडच्या शासनांनी तूट स्वतः सोसून लाभ कायम ठेवला. इंग्लंडमधील ३२६ परिषदांपैकी बहुसंख्यांनी कामकरी वयाच्या गरिबांकडून काही किमान रक्कम घेण्याचे ठरविले. १९९० चा 'प्रत्येकाने काहीतरी भरावे' हा विचार अशा रीतीने, कोणतीही दंगल न होता, परत आला.

उत्तर लंडनमधील हॅरिंगे परिषदेने कामकरी वयाच्या लाभार्थ्यांना, अपंगांसारखे अपवाद सोडून, सुमारे २० टक्के कर भरावयास लावले. त्याआधी तिने नागरिकांची मते मागविली. मात्र त्या पत्रकात सरकारी कपात झाल्याने साहाय्य कमी करणे अटळ आहे, असाच सूर होता. कर वाढविणे, अन्य सेवांवरील खर्च घटविणे किंवा राखीव निधी वापरणे हे पर्याय होते आणि ते का नाकारले, याची त्यात माहिती नव्हती. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे जनमत-संकलन बेकायदेशीर ठरविले. मात्र नव्याने मते मागविण्याचा आदेश दिला नाही. या निकालाचे महत्त्व अर्थकारणापेक्षा लोकशाहीच्या दृष्टीने अधिक आहे. निर्णयाचा अधिकार खरोखर परिषदेचा असेल तर पर्यायही नागरिकांपुढे आले पाहिजेत. ते येत नसतील, तर परिषद केवळ वरून आलेली कपात खाली पोहोचविते, निर्णय घेत नाही.

पॉप्लर आज ज्यात समाविष्ट आहे त्या टॉवर हॅम्लेट्स परिषदेने २०१३ मध्ये पूर्ण साहाय्य कायम ठेवले, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे निवड शक्य होती. परंतु तिची किंमत परिषदेला अन्यत्र मोजावी लागत होती.

वसुलीचा भागही तितकाच बोलका आहे. यापूर्वी काहीच न भरणाऱ्या कुटुंबांकडे आठवड्याला काही पौंडांची मागणी गेली. हप्ता चुकला व स्मरणपत्रानंतरही तो भरला गेला नाही, तर उर्वरित वर्षाची सर्व रक्कम एकदम देय होते. मग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आणि त्याचा खर्च, मग जप्तीसाठी येणाऱ्यांचे शुल्क. मूळ थकबाकीच्या तुलनेत हे अधिकचे ओझे मोठे होई. बुद्धिपुरस्सर वा अक्षम्य हलगर्जीने कर न भरणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद वेल्सने २०१९ मध्ये रद्द केली, इंग्लंडने तेव्हा ती ठेवली. १९२१ मध्ये कर न बसविणारे तुरुंगात गेले होते. येथे कर न भरू शकणाऱ्याला त्याची भीती होती.

उत्पन्न वाढविण्याचा मार्गही मोकळा नव्हता. २०१२ पासून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक करवाढीसाठी सार्वमत बंधनकारक झाले. असे सार्वमत बेडफर्डशायरच्या पोलीस करासाठी मे २०१५ मध्ये झाले आणि तेथील मतदारांनी वाढ फेटाळली. बिझनेस रेट्सच्या वाट्याचा लाभ जेथे नवी गोदामे व दुकाने उभी राहू शकतात अशा परिषदांना अधिक होता. सरकार तो हिस्सा शंभर टक्के करील, ही २०१५ ची घोषणा प्रत्यक्षात उतरली नाही. २०१८ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायर काउंटीने १९८८ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमान्वये खर्च भागत नसल्याची सूचना काढली. पुढे क्रॉयडन, स्लाव, थरॉक, वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम यांवरही तीच वेळ आली. या सर्वांचे खापर अनुदानकपातीवर फोडणे अभ्यासाला धरून होणार नाही. वोकिंग व थरॉक यांनी कर्ज काढून केलेली गुंतवणूक अंगाशी आली होती. बर्मिंगहॅमवर समान वेतनाच्या दाव्यांचे मोठे देणे होते आणि नवी संगणकप्रणाली फसली होती. तेथे सप्टेंबर २०२३ च्या सूचनेनंतर केंद्राने आयुक्त नेमले. २०२४-२५ साठी परिषदेला ९.९९ टक्के करवाढ करण्याची मुभा मिळाली, तीही सार्वमताशिवाय, केंद्राच्या विशेष संमतीने.