दूरच्या चाकरीचा जामीन

सातारा प्रांताच्या अर्थव्यवहाराचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर शेतीच्या प्रकरणाइतकेच विस्ताराने त्याला चाकरीचे प्रकरण लिहावे लागेल; कारण माणदेशाच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात आणि पाटणच्या डोंगरखोऱ्यांत केवळ जमिनीच्या उत्पन्नावर संसार चालविणे कधीच सुकर नव्हते, आणि म्हणून घरटी एखादा पुरुष फौजेत किंवा मुंबईच्या गिरणीत, तर शेजारच्या खानापूर-आटपाडीकडील मंडळी सोन्याचांदीच्या गलाईसाठी थेट परमुलखात जात असत, आणि १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केल्यानंतर त्यांची कमाई पोस्टमनच्या पिशवीतून गावी येऊ लागली. पैसा घरी आणि माणूस परगावी, ही येथील जुनी रीत. कऱ्हाडला लागून, पुणे-बंगळूर राजमार्गावर, आगाशिवाच्या लेण्यांच्या पायथ्याशी वाढलेल्या मलकापुरात आता पैशाबरोबर माणूसही घरीच राहू शकतो, आणि त्याचा धनी समुद्रापलीकडे असतो; परंतु त्या अनोळखी धन्याने ह्या न पाहिलेल्या माणसावर विश्वास ठेवावा कसा, हा प्रश्न मात्र नवा नाही.

मराठी राज्याच्या दफ्तरात त्याचे उत्तर जामिनाच्या रूपाने सापडते. माणूस वेळेवर रुजू होईल ह्याची हमी देणारा तो हाजीरजामीन, सरकारी पैशाची हमी देणारा तो मालजामीन आणि वर्तनाची हमी देणारा तो फैलजामीन, असे हमीचे भेद आपल्या कारभाऱ्यांनी केले होते. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. कारण अविश्वास हा एकजिनसी नसतो, आणि माणूस पळून जाईल ही भीती व माणूस काम बिघडवील ही भीती ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईच्या गिरणगावात हे तिन्ही जामीन एका माणसाच्या ठायी एकवटले, तो जॉबर. खात्यात माणूस घेणे, त्याला काम शिकविणे, त्याची हजेरी पाहणे आणि वेळप्रसंगी त्याला घालविणे, हे सारे त्याच्या हाती. स्त्रियांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. गावाकडून आलेला मुलगा गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, आणि त्यांच्यापैकी कोणी त्याला जॉबरापुढे उभा करी. ह्या कृपेची किंमत दस्तुरी म्हणून मोजावी लागे, आणि १९२९ साली नेमलेल्या व १९३१ साली अहवाल देणाऱ्या मजूरविषयक रॉयल कमिशनने ह्या पद्धतीवर कठोर टीका केली, ती अगदी रास्त होती. तथापि जॉबर लाचखाऊ असला तरी त्याच्यामार्फत निरक्षर मुलाला कामाचा दरवाजा उघडत होता, हे विसरणे अन्यायाचे होईल. पुढे पाटण तालुक्यातून मुंबईस गेलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली हमालांसाठी माथाडी कायदा झाला, आणि टोळी व मुकादम ह्यांच्या मर्जीच्या जागी मंडळाची नोंदवही आली. जामीनकी व्यक्तीकडून कायद्याकडे गेली.

संगणकाच्या धंद्यात ही जामीनकी आधी कंपनीने घेतली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरास कचेरी थाटून उपग्रहाच्या दुव्याने ती अमेरिकेतील मूळ कंपनीशी जोडली, तेव्हा भारतातला अभियंता भारतातच बसून परदेशचे काम करू शकतो हे सिद्ध झाले; १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाल्यावर पुण्यासारख्या शहरांतील लहान कंपन्यांनाही तो मार्ग खुला झाला. परंतु येथे एक विलक्षण विसंगती होती. पुणे आणि अमेरिका ह्यांमधील अंतर मिटले, मलकापूर आणि पुणे ह्यांमधील मिटले नाही. शुल्कमाफीने आणलेली यंत्रे सीमाशुल्काच्या नियमांनी विशिष्ट जागेशी जखडलेली, चांगली इंटरनेट-वाहिनी फक्त कचेरीत, आणि परक्या गिऱ्हाइकाला ठाऊक तो कंपनीचा शिक्का, कंपनीतल्या मुलाचे नाव नव्हे. १९६० साली सुरू झालेल्या कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याने म्हणूनच पुण्याच्या हिंजवडीची वाट धरावी, हे गृहीत धरले गेले. त्यातच भारनियमनाचे दिवस आले. शेजारच्या कोयनेची वीज साठीच्या दशकापासून दूरवर जात असताना तिच्या आसमंतातील घरे तासन्‌तास अंधारात बसत, ह्या विनोदाला हसण्याइतके स्वास्थ्य त्या काळी कोणाजवळ नव्हते.

कंपनीच्या शिक्क्यावाचून जामीन मिळविण्याची सोय झाली ती एका निराळ्याच दिशेने. २००५ साली लिनक्सचा निर्माता लिनस टॉरवाल्ड्स ह्याने गिट हे साधन लिहिले आणि २००८ साली गिटहब सुरू झाले; ह्यांमुळे प्रोग्रॅमरने कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली, तिच्यावर कोणी आक्षेप घेतला आणि त्याने त्याचे निरसन कसे केले, ह्याची जगाला खुली बखरच तयार होऊ लागली. लांबलचक अर्जापेक्षा ही बखर जाणकाराला अधिक सांगते. एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर-प्रकल्पातील लहानसा दोष शोधून, तो दुरुस्त करून, इंग्रजीत चार स्वच्छ वाक्यांत त्याचे कारण लिहून पाठविणारा मुलगा स्वतःच स्वतःचा फैलजामीन होतो. आणि त्या चार वाक्यांचे महत्त्व आपल्याकडील तरुण कमी लेखतात, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दूरच्या कामात सहकाऱ्याला आपला चेहरा क्वचित आणि लेखन मात्र रोज दिसते.

उरलेले दोन जामीन बाजाराने पुरविले. दूरची कामे मिळवून देणाऱ्या अपवर्कसारख्या इंटरनेटवरील पेढीवर ठरावीक मोबदल्याच्या कामाची रक्कम गिऱ्हाईक आगाऊ अनामत ठेवते, तो मालजामीन. आणि ताशी कामात पेढीची नोंदवही दर दहा मिनिटांच्या हिशेबाने संगणकाच्या पडद्याचे चित्र टिपते, तो हाजीरजामीन. पेशव्यांच्या कारकुनालाही इतकी कडक हजेरी सुचली नसती.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने पुण्याची माणसे गावोगाव परतली आणि कचेरीवाचून काम चालते हे धन्यांनाही उमगले. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार खात्याने माहितीसेवा देणाऱ्या कंपन्यांवरील जुने निर्बंध सैल करून घरून काम करण्यास सरकारी वाटही मोकळी केली. चोवीस तास पाणी देणाऱ्या योजनेमुळे नाव झालेल्या मलकापुरात अशा परतलेल्या माणसाला राहणे जड नाही. जड आहे ते घड्याळ, कारण अमेरिकेतील सकाळच्या बैठकीला येथे सायंकाळ उलटून गेलेली असते, आणि दिवसा घरी दिसणारा मुलगा रिकामटेकडा नाही, हे भावकीला पटवावे लागते.

इतके सारे झाले, तरी ओळखीचा शब्द निष्प्रभ झालेला नाही. ज्याने एकदा परक्यांच्या कसोटीतून वाट काढली, तो आपल्या वर्गबंधूचे नाव सुचवितो, आणि शेकडो अर्जांच्या गर्दीत ते नाव आधी वाचले जाते. फरक दस्तुरीत पडला आहे. जॉबराला ती कामगार देत असे. आज अनेक कंपन्या नाव सुचविणाऱ्या आपल्याच नोकराला बक्षीस देतात, आणि नवागताच्या खिशाला हात लागत नाही. ज्याला असा ओळखीचा माणूस नाही आणि जो केवळ पेढीवर विसंबतो, त्याला मात्र तेथे नुसता अर्ज करण्यासाठीही अनेकदा पदरचे पैसे मोजावे लागतात, आणि काम मिळाल्यावर मोबदल्यातून बहुधा पेढीचा हिस्सा कापला जातो तो वेगळाच.