एकाच बॅचची झाडं

एक छोटा प्रयोग करून बघा. घरापासून स्टेशनपर्यंत चालत जाताना (रिक्षा नको, रिक्षातून नुसती खोडं दिसतात) रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं मोजा. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर नाहीतर मुलुंड, यादी साधारण एकच निघते. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहोर, मधेच एखादा बदाम, आणि सोसायटीच्या कुंपणाला ओळीने आसुपालव, ज्याला आपण सगळेच खुशाल अशोक म्हणतो. वड-पिंपळही दिसतात, पण ते बहुधा कोणी लावलेले नसतात. पक्ष्यांच्या कृपेने भिंतीत नाहीतर गटाराच्या कडेला उगवलेले असतात.

मला बरेच दिवस प्रश्न पडला होता की हीच झाडं का? कोणी ठरवलं? कोकणपट्टीत एवढी झाडं असताना दक्षिण अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष आणि मादागास्करचा गुलमोहर आमच्या बोरिवलीत कशाला आले? गेले काही शनिवार-रविवार यावर वाचत होतो, त्याचा हा गोषवारा. (मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. तेव्हा शास्त्रीय नावांची अपेक्षा ठेवू नये.)

आधी इथे काय होतं? तर साष्टी बेट. भातखाचरं, मिठागरं, गवताळ माळ, ताडांच्या रांगा आणि मधेमधे गावठाणं. झाड असायचं ते कामाचं. ताड ताडीसाठी, मग नारळ, आंबा, चिंच, फणस, किनाऱ्याकडे भेंडी आणि उंडी. जागांची नावंच बघा ना. बोरिवलीचा संबंध लोक बोरांशी जोडतात, मालाडला चिंचोली आहे, खाली शहरात चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी. सावलीसाठी रस्त्याच्या कडेला वड, चिंच, आंबा लावायची रीतही आपल्याकडे इंग्रजांच्या खूप आधीची. घोडबंदर रोड (आजचा एस. व्ही. रोड) आणि आग्रा रोड (आजचा एल. बी. एस. मार्ग) हे बैलगाडीच्या काळातले रस्ते. बैलगाडीवाल्याला घाई नसायची, त्याच्या नातवाला सावली मिळाली तरी चालायची.

पाहुणी झाडं तेव्हाही होती म्हणा. अंधेरीला सीप्झमध्ये ज्यांनी नोकरी केली आहे त्यांनी तिथली जाडजूड गोरखचिंच पाहिली असेल. ती मूळची आफ्रिकेतली. अरब व्यापाऱ्यांनी आणली, सिद्दींनी आणली की पोर्तुगीजांनी, यावर जाणकारांत एकमत नाही. पण अशी झाडं एक-दोन. रस्तेच्या रस्ते पाहुण्यांनी भरले ते इंग्रजांच्या काळात. साम्राज्यातल्या वनस्पती-बागा एकमेकींना बिया आणि रोपं पाठवायच्या, आजच्या भाषेत लायब्ररी शेअर करायच्या तशा. पर्जन्यवृक्ष एकोणिसाव्या शतकात असाच आला. मुंबईत या सगळ्याचं वेड घेतलेली दोन माणसं म्हणजे झेवियर्सचे जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वॉल्टर मिलार्ड. सुंदर भारतीय झाडांवरचं त्यांचं पुस्तक १९३७ साली निघालं. आता गंमत अशी की त्या 'भारतीय' झाडांत गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षही आहेत. तोवर ते इतके घरचे झाले होते.

पण ही झाली शहराची, साहेबांच्या बंगल्यांची गोष्ट. उपनगराची गोष्ट नंतरची आणि घाईची आहे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. म्हणजे अवघ्या सात वर्षांत सबंध साष्टीचा मोठा भाग कागदावर 'शहर' झाला. फाळणीनंतर आलेले निर्वासित, गिरगाव-लालबागच्या चाळीतून बाहेर पडणारी कुटुंबं, नव्या वसाहती, नवे रस्ते. आणि रस्ता आला की उन्हात तळणारा रस्ता आला, कारण ताड आणि आंबे तोडूनच तो झालेला.

नेमकं त्याच वेळी, जुलै १९५० मध्ये, केंद्रीय अन्न व शेती मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वन महोत्सव सुरू केला. (त्याआधी १९४७ च्या जुलैत दिल्लीत एम. एस. रंधावांनी वृक्षारोपणाचा एक आठवडा केला होता, पण देशभराचा सण केला तो मुन्शींनी.) गुजरातीतले मोठे कादंबरीकार, भारतीय विद्या भवनाचे संस्थापक. अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजचा जो हिरवागार परिसर आहे, ज्याला आपण मुन्शी नगर म्हणतो, तो त्यांच्याच नावाचा. म्हणजे शाळेत दर जुलैमध्ये आपल्याला रांगेत उभं करून ज्या खड्ड्यात रोप लावायला लावायचे, त्या खड्ड्याचा मूळ पत्ता एका अर्थी अंधेरीतच निघतो!

जुलै निवडण्यात तर्क आहे, नाही असं नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर्षाचा जवळजवळ सगळा कोटा चार महिन्यांत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जमीन मुरलेली असते, ढग असतात, रोप सुकत नाही. फोटोही छान येतो. पण कॅलेंडरची दुसरी बाजू बघा. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपतो आणि पुढचे आठ महिने थेंब नाही. जुलैत लावलेल्या रोपाची मुळं तोवर वीत-दोन वीत खाली गेलेली. ऑक्टोबर हीट, मग थोडी थंडी, मग मार्च ते मे. या काळात त्याच्याभोवती आळं हवं, आळ्यात पालापाचोळा हवा, आठवड्यातून दोनदा तरी पाणी हवं, बांबूचा आधार आणि शेळ्या-गुरांपासून कठडा हवा. एकदा नाही, दोन-तीन उन्हाळे. सण जुलैचा झाला, एप्रिलचा कोणी केला नाही.

आणि इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं. एप्रिलमध्ये पाणी घालायला माणूस नसेल तर कुठलं झाड लावाल? जे हयगय सोसून भराभर वाढेल ते. आंबा-बकुळ सावकाश. वडाला जागा लागते. पर्जन्यवृक्ष मात्र काही वर्षांतच छत्रीसारखा पसरतो आणि अख्खा रस्ता झाकतो. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, ढग दाटले तरी मिटतात, म्हणून ते नाव. गुलमोहर तर बी टाकलं की रुजतो आणि मे महिन्यात असा पेटतो की तक्रार करायला तोंडच राहत नाही. (जुहू स्कीममध्ये त्याच्या नावाचा रस्ताच आहे.) सोनमोहोर त्याच्या पाठोपाठ, खाली पिवळी चादर. घाईच्या शहराने घाईची झाडं निवडली. त्यात कोणाचं कारस्थान नव्हतं आणि मी त्यांना दोषही देणार नाही. त्यांच्याच सावलीतून मी दहा वर्षं शाळेत गेलो.

आता यातली इंजिनिअरला खटकणारी गोष्ट. रस्ते पन्नास ते सत्तरच्या दशकांत झाले, झाडंही साधारण त्याच दशकांत लागली. म्हणजे सगळी एकाच बॅचची. सर्व्हर रूममधल्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी विकत घेतल्या तर त्या मरतातही साधारण एकदमच. तसंच हे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, शहरात त्याला फार आयुष्य नसतं. पर्जन्यवृक्ष दीर्घायुषी, पण त्याची मुळं खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात, आणि आडव्या मुळांवर आपण काय काय केलं ते पुढे येतंच.

त्याआधी आरे. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवायचे म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली, दारा खुरोडींच्या कल्पनेतून, सुमारे १,२८७ हेक्टरवर. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. वारली पाडे तिथे आधीपासून होते, डोंगरउतारावरचं रानही होतं, आणि वसाहतीने त्यात आखीव रस्ते करून दुतर्फा झाडं लावली. सत्तर वर्षांनी प्रश्न आला की हे जंगल आहे की नाही? मेट्रो ३ च्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. लोक रात्री तिथे जाऊन उभे राहिले, पकडलेही गेले. पुढे सरकारने आरेची ८१२ एकर जागा राखीव वन ठरवली, कारशेड कुठे करायची यावर सरकारं बदलली तसे निर्णय बदलले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आरे ते बीकेसी मेट्रो सुरूही झाली. मी तिनेच ऑफिसला जातो. सोयीची आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, काय करणार.

कायदा मात्र आरेच्या खूप आधीचा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. वृक्ष अधिकारी, वृक्ष प्राधिकरण, परवानगीशिवाय तोड नाही, हे सगळं तिथून. सोसायटीच्या आवारातलं झाडसुद्धा त्यात आलं. आपल्याला हा कायदा भेटतो तो एप्रिल-मे महिन्यात. पालिका रस्त्यावरच्या झाडांची पावसाळ्यापूर्वीची छाटणी काढते आणि सोसायट्यांना आपापल्या झाडांसाठी परवानगीचा अर्ज करावा लागतो. मग एजीएममध्ये ठरलेला संवाद. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतात, "पूर्ण कापा, घरात अंधार येतो." चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "अहो, कावळ्याचं घरटं आहे त्यात!" आणि खरंच असतं, कावळ्यांची वीण याच दिवसांत असते. शेवटी छाटणारा माणूस वायरींच्या आणि खिडक्यांच्या बाजूच्या फांद्या उतरवतो, रस्त्याकडच्या ठेवतो. एका बाजूला सगळा भार राहिलेलं झाड मग जूनच्या पहिल्या वाऱ्याची वाट बघत उभं असतं.

२०१० च्या दशकात पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण पडला (इथे बग हा शब्द शब्दशः घ्यावा). पांढरी बुरशी लागल्यासारख्या फांद्या, मग नुसते सांगाडे. २०१७ च्या जुलैत चेंबूरला नारळाचं झाड अंगावर कोसळून रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंचा जीव गेला. ते झाड काढायची परवानगी रहिवाशांनी आधी मागितली होती आणि पाहणीत झाड ठीक ठरलं होतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला आणि शहर-उपनगरांत मिळून दोन हजारांहून जास्त झाडं पडली. दुसऱ्या दिवशी लोकांनी टाकलेले फोटो नीट बघितले तर एक गोष्ट दिसायची. उलटलेल्या बुंध्याखाली मुळांचा पसारा नव्हता, एक चौकोनी ठोकळा होता. पेव्हर ब्लॉकच्या चौकटीच्या मापाचा.

कारण वर पेव्हर, बाजूला गटार, खाली केबल. प्रत्येक खोदाईत एका बाजूची मुळं जातात. शिवाय मूळ खड्ड्यात मातीच्या नावाखाली मुरूम आणि डेब्रिज. खोडाला चुना आणि गेरू मात्र नेमाने. २०२३ पासून सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं काम निघालं, त्यातही बुंध्यापर्यंत खोदल्याच्या तक्रारी जागोजाग झाल्या. वारा निमित्त झाला असं म्हणायचं.

मधल्या काळात कायदाही बदलला. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा-वृक्ष म्हटलं आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असं ठरलं. कल्पना चांगली. पण आमच्या बॅचचा हिशोब करा. पन्नास-साठच्या दशकांतले पर्जन्यवृक्ष बरोबर याच सुमाराला वारसा झाले, आणि मुळं तोडून झाल्यावर बरोबर याच सुमाराला धोकादायकही. एकाच झाडावर दोन पाट्या. साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपं लावायची ती कुठे, हा प्रश्न तर उपनगरात राहणाऱ्याला विचारूच नये.

पालिकेच्या गणनेत २००८ साली सुमारे १९ लाख झाडं होती, २०१८ मध्ये २९ लाख ७५ हजार. आकडा बघून आनंद होतो, पण मोजायची पद्धतही सुधारली होती, हे लक्षात ठेवून. किती रोपं लावली हे दर वर्षी छापून येतं. पाच वर्षांपूर्वी लावलेल्यातली किती जगली, हा रकाना मला कुठल्या बातमीत दिसला नाही.

तौक्तेनंतर देशी झाडांचं बोलणं वाढलं. ताम्हण, बहावा, बकुळ, करंज, कडुनिंब. ताम्हण तर आपलं राज्यफूल, मे महिन्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरतं, आणि फार थोराड होत नसल्यामुळे चिंचोळ्या फूटपाथलाही चालतं. देशी म्हणजे आपोआप जगणारं असा मात्र एक गैरसमज झालाय. तीन फूट खोल खड्डा, लाल माती, शेणखत आणि तीन उन्हाळे पाणी ताम्हणालाही लागतंच, उलट सावकाश वाढतं म्हणून जास्त लागतं.

आमच्या गेटबाहेरचा सोनमोहोर दोन वर्षांपूर्वीच्या पावसात गेला. त्या जागी मागच्या जुलैत ताम्हण लावलंय. आधी पेव्हरचे दोन ब्लॉक काढून आळं मोठं करून घेतलं, त्यावर कमिटीत दोन मीटिंगा झाल्या. नोव्हेंबरपासून पाण्याच्या पाळ्या लागल्या आहेत, दोन बादल्या, बाथरूमचं उरलेलं पाणी चालतं पण साबणाचं नको. वॉचमनच्या केबिनमध्ये तक्ता लावलाय. मंगळवार आणि शनिवार माझे.