वाचाघात, लय आणि सहउच्चार : एका उपेक्षित निरीक्षणाचा इतिहास

वाचाघाताचा इतिहास सामान्यतः पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिस येथे मांडलेल्या रुग्णापासून सुरू केला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याहून शतकभर जुनी एक स्वीडिश नोंद अधिक मोलाची आहे. ओलोफ दालिन यांनी १७४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या नोंदीतील रुग्णाचे उजवे अंग लुळे पडून वाचा गेली होती. तरीही पूर्वी पाठ असलेली स्तोत्रे तो स्पष्ट गाई. फक्त आरंभी कोणीतरी सोबत गावे लागे. तशीच साथ मिळाली की काही प्रार्थनाही तो न गाता, एका लयीत उच्चारी. पुढे कौतुक झाले ते गाण्याचे. साथ आणि लय मागे पडली.

१९७३ मध्ये बोस्टन येथे अल्बर्ट, स्पार्क्स व हेल्म यांनी सुरावटीवर आधारित उपचारपद्धती मांडली. तीत उपचारक रुग्णासोबत वाक्य आळवतो, त्याच्या डाव्या हाताने ठेका धरवतो आणि आपली साथ क्रमाने काढून घेतो. श्रेय मात्र सुराला व मेंदूच्या उजव्या अर्धगोलाला दिले गेले. २००६ मध्ये रासेट व सहकाऱ्यांना सोबत बोलण्यापेक्षा सोबत गाणे सरस आढळले; २०११ मध्ये श्टाल व सहकाऱ्यांनी १७ रुग्णांच्या अभ्यासातून लय आणि परिचित शब्दसमूह यांना निर्णायक ठरविले. हा वाद मिटलेला नाही.

जिंतूर तालुक्यातील वाचकास हे दूरचे वाटू नये. आपल्याकडे हरिपाठ टाळाच्या ठेक्यावर, समूहाने म्हटला जातो. दालिन यांच्या नोंदीतील पाठांतर, लय व सोबत हे तिन्ही घटक त्यात एकवटले आहेत. म्हणून हरिपाठालाच उपचार मानणे घाईचे होईल. ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच आपोआप येणारे बोलणे आणि आशय जुळवून केलेले बोलणे यांत भेद केला होता. हा भेद ठाऊक नसल्यास घरच्यांचा ग्रह होऊ शकतो, की अभंग म्हणणारा माणूस पाणी मागत नाही, म्हणजे तो हटवादी आहे. वस्तुतः पाठ असलेला अभंग येतो आणि साधी मागणी जुळत नाही, हेच या व्याधीचे स्वरूप आहे. त्यामुळे सरावासाठी ‘पाणी द्या’ यासारखे नित्याचे वाक्य घ्यावे लागते : वाक्-उपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने, ठेक्यावर, प्रथम दोघांनी मिळून, मग सोबत्याने आवाज उतरवीत, आणि शेवटचे अक्षर रुग्णासाठी सोडून.