दोनशे छप्पन्न पायऱ्या

ओळखीपाळखीत कुणाचं पोर ग्राफिक डिझाइनकडे वळलं की हा प्रश्न ठरलेला: "फोटोशॉपच घ्यावं लागेल, की ते फुकटातलं गिम्प चालेल?" मग दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. मला मात्र या वादात नेहमी एक जुनी गोष्ट आठवते, आणि ती चक्क हॉलिवूडची आहे.

गिम्पचा जन्म १९९५ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातला. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी कंपायलरच्या विषयासाठी लिस्प भाषेत प्रोजेक्ट करून करून इतके वैतागले, की ते बाजूला ठेवून चित्रांवर काम करणारा प्रोग्रॅम लिहायला बसले. आता गंमत बघा. १९९८ मध्ये गिम्प १.० आलं, तेव्हा त्यात 'स्क्रिप्ट-फू' नावाची सोय होती. तिच्यातल्या स्क्रिप्ट लिहायच्या त्या स्कीम भाषेत, म्हणजे लिस्पच्याच घराण्यातल्या!

स्क्रिप्ट म्हणजे काय, तर केलेलं काम लिहून ठेवणं. फोटो लहान करा, कडा धारदार करा, कोपऱ्यात नाव टाका. हे एकदा लिहिलं की पुढचे पाचशे फोटो आपोआप होतात. ही कल्पना गिम्पच्या आधीचीच. ड्यूपाँट कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये लिहायला घेतलेलं आणि १९९० मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं इमेजमॅजिक तर मुख्यतः लेखी आज्ञांवरच चालतं. फोटोशॉपची पहिली आवृत्तीही १९९० चीच. त्यात १९९६ मध्ये 'ॲक्शन्स' आल्या, पण तो प्रकार टेपरेकॉर्डरसारखा: आपण करायचं, त्याने टिपायचं आणि पुन्हा वाजवायचं. "फोटो उभा असेल तर असं कर, आडवा असेल तर तसं" हे ठरवायला तेव्हा स्क्रिप्टच लागायची. पुढे फोटोशॉपमध्येही जावास्क्रिप्टमधून ते करता येऊ लागलं.

आता हॉलिवूड. सिनेमाच्या एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाच्या १,७२,८०० चौकटी. त्यांतली धूळ आणि तारा पुसायच्या, तर पुन्हा पुन्हा तेच काम. रिदम अँड ह्यूज या स्टुडिओने (पुढे 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ उभा केला तो हाच) गिम्प हाताशी घेतलं. लिनक्सवर फोटोशॉप नव्हतं, आणि गिम्पचा सोर्स कोड उघडा होता. अडचण एकच. गिम्प ८ बिटचं होतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या. वेबवरच्या चित्राला त्या पुरतात. पण सिनेमातलं आभाळ थोडं उजळलं की निळ्या रंगात सरळ पट्टे दिसायला लागतात. म्हणून १९९८ च्या सुमारास त्यांनी गिम्पची वेगळी फांदी काढली, १६ बिटची, ६५,५३६ पायऱ्यांची. तिचं नाव 'फिल्म गिम्प'. 'स्कूबी-डू' (२००२) सारख्या सिनेमांचं काम तिच्यावर झालं. २००३ मध्ये तिचं 'सिनेपेंट' असं बारसंही झालं.

पण ही फांदी मूळ झाडाला कधी जोडली गेली नाही. मूळ गिम्पवाल्यांचं म्हणणं, ठिगळ नको, पायाच नवा घालू. त्या पायाचं नाव 'गेगल'. काम सुरू झालं २००० मध्ये, आणि १६ बिटची सोय लोकांच्या हातात पडली एप्रिल २०१८ मध्ये, गिम्प २.१० मधून!

चूक कुणाची? मला वाटतं कुणाचीच नाही. स्टुडिओला सिनेमाची तारीख गाठायची होती, आणि कोड फुकट सांभाळणाऱ्यांना पुढची वीस वर्षं तो निस्तरायचा होता. पण मधल्या काळात गंभीरपणे फोटो काढणारे आणि छपाईवाले फोटोशॉपकडे गेले ते गेलेच. आणि तिकडेही सगळं गोड नव्हतं. २०१३ मध्ये अडोबीने नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं बंद केलं. तेव्हापासून भाडं भरा आणि वापरा.

म्हणून त्या पोराला मी आधी विचारतो, काम कुणासाठी? छापखान्याच्या सीएमवायके रंगांतच थेट काम करायचं असेल, तर २०२५ मध्ये आलेलं गिम्प ३.० सुद्धा अडतं. त्यातून सीएमवायके फाइल काढता येते, पण काम आरजीबीतच करावं लागतं. दुकानाच्या वेबसाइटसाठी हजार फोटो एका मापाचे करायचे असतील, तर फोटोशॉपचं भाडं कशाला? इमेजमॅजिक आणि चार ओळींची स्क्रिप्ट पुरे. कुठल्या कामात कुठली पायरी कमी पडते, हे आधी शोधायचं. नाव आणि किंमत मागाहून.

असो. बरंच लांबलं. पण चार ओळींची स्क्रिप्ट लिहायला मात्र शिकच, असं मी प्रत्येकाला सांगतो. उद्या सॉफ्टवेअर बदललं तर ती बदलावी लागेल, पण आपण नेमकं काय करतो हे लिहून ठेवलेलं असेल, तर ते पुन्हा उभं करता येतं.