तळपायाची आग

‘तळपायाची आग मस्तकात गेली’ असे आपण संतापलेल्या माणसाबद्दल म्हणतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर भर उन्हाळ्यात मालाची पिकअप हाकणाऱ्या चालकाच्या बाबतीत हा वाक्प्रचार जवळजवळ शब्दशः खरा ठरतो. दौंड तालुक्यातील केडगावहून गूळ, कांदा किंवा भाजीपाला भरून निघालेली गाडी पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पोचेपर्यंत केबिनचा खालचा पत्रा चांगलाच तापतो. चालक मग पायाखाली गोणपाट टाकतो आणि कधी कधी ते पाण्याने भिजवतोही. ही युक्ती कितपत बरोबर? उत्तर शोधायला गेलो की उष्णताशास्त्राच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात शिरावे लागते. त्याच वाटेवर आणखी एक प्रश्न भेटतो : उष्णता अडवण्याची सोय आधी कोणासाठी केली गेली, यंत्रासाठी की माणसासाठी?

भट्टीपुढचा माणूस

केडगावचे नाव पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. गाव रेल्वेमार्गावरचे. जीआयपी रेल्वेने १८५८ साली पुण्यापासून भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत लोहमार्ग खुला केला, तो याच भागातून जातो. चालकाच्या पायाला झोंबणारी यंत्राची धग या परिसरात आली ती त्या वाफेच्या इंजिनाबरोबर.

इंजिनाच्या बॉयलरमागे भट्टी आणि भट्टीच्या तोंडाशी ड्रायव्हर व फायरमन. भट्टीतील तापमान १००० अंश सेल्सिअसच्याही वर जाई. कोळशाचे फावडे टाकण्यासाठी दार उघडले की फायरमनच्या पायांवर आणि पोटावर धगीचा लोट येई. उभे राहण्याच्या लोखंडी तळावर लाकडी फळ्या टाकलेल्या असत. लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे, हे ज्ञान येथे कामी येत होते.

बॉयलरची व्यवस्था मात्र अधिक चोख होती. सुरुवातीच्या इंजिनांच्या बॉयलरभोवती लाकडी पट्ट्यांचे आवरण असे. पुढे त्याची जागा ॲस्बेस्टॉसने घेतली आणि वरून पातळ पत्रा बसवला जाऊ लागला. कारण उघड होते : बॉयलरची उष्णता बाहेर गेली की कोळसा वाया जातो आणि कोळशाला पैसे पडतात. फायरमनच्या पायांना लागणाऱ्या धगीचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडला जात नव्हता.

ॲस्बेस्टॉसची कथा तर याहून कठोर आहे. न जळणारे, स्वस्त आणि उत्तम उष्णतारोधक म्हणून ते जगभर वापरले गेले. पण त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की ॲस्बेस्टॉसिस आणि कर्करोग होतो. याची सर्वाधिक झळ आवरण चढवणाऱ्या आणि काढणाऱ्या कामगारांनाच बसली. ब्रिटनने १९९९ साली त्याच्या वापरावर पूर्ण बंदी घातली. यंत्राला जपणाऱ्या पदार्थाने माणसाचा जीव घेतला, असे हे उदाहरण आहे.

तीन वाटांचा शोध

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी जाते, हे आपण सातवी-आठवीच्या वर्गात सांगतो. हे तीन मार्ग वेगळे ओळखायला मात्र बराच काळ लागला.

बव्हेरियाच्या सेवेत असलेल्या काउंट रम्फर्ड याने सैनिकांच्या कपड्यांसाठी लोकर, कापूस, पिसे यांवर प्रयोग केले. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की ऊब राखण्याचे काम मुख्यतः धाग्यांमध्ये अडकून पडलेली हवा करते. आपली गोधडी, बर्फावरचा लाकडाचा भुसा आणि चालकाचे कोरडे गोणपाट यांमागचे तत्त्व तेच.

१८०० साली विल्यम हर्शेल याने सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला. तेथे प्रकाश दिसत नव्हता, तरी पारा चढला. उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानेही प्रवास करते, हे त्यावरून ध्यानात आले. १८०४ साली जॉन लेस्ली याने गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या चौकोनी डब्यावर प्रयोग केले. डब्याची एक बाजू काजळीने काळी, दुसरी घासून लखलखीत. आतले पाणी तेच, तरी काळी बाजू कितीतरी अधिक उष्णता फेकत होती. चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो आणि आलेली उष्णता परतवूनही लावतो. आपल्या पिकअपच्या प्रश्नाची किल्ली या डब्यात आहे.

१८७९ मध्ये जोसेफ स्टेफान याने प्रयोगांच्या आकड्यांवरून दाखवले की प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. १८८४ मध्ये लुडविग बोल्ट्‌झमन याने त्याला सैद्धांतिक आधार दिला. म्हणजे धुराची नळी २०० अंशांवरून ४०० अंशांवर गेली, की तिचे प्रारण दुप्पट नव्हे, चौपट होते. ४०० अंशांचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ११.६ किलोवॉट उष्णता फेकतो. भर दुपारचे ऊन दर चौरस मीटरला साधारण १ किलोवॉट असते. पत्र्याखाली अकरा सूर्य तळपत आहेत असे म्हटले तरी चालेल!

‘टेम्पो’पासून पिकअपपर्यंत

१९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. तिच्या तीनचाकीने मराठीला ‘टेम्पो’ हा शब्द दिला आणि तो पुढे सगळ्याच लहान मालगाड्यांना लागू झाला. अशा गाड्यांत मालासाठी जागा वाढवायची तर इंजिन चालकाजवळ सरकवावे लागते. ट्रक आणि एसटीच्या जुन्या गाड्यांतील ड्रायव्हरशेजारचे तापलेले बॉनेट अनेकांना आठवत असेल. २००५ साली आलेल्या टाटा एसमध्ये इंजिन आसनाखालीच आहे. पुढे बॉनेट असलेल्या पिकअपमध्ये इंजिन समोर असले, तरी धुराची नळी केबिनच्या तळाखालूनच मागे जाते.

आता थोडा हिशेब करू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर धावत असेल, तर तासाला चार लिटरहून थोडे अधिक डिझेल जळते, म्हणजे ४० किलोवॉट. त्यातील ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढतो, एक तृतीयांश रेडिएटरवाटे जातो आणि तेवढाच धुराबरोबर. म्हणजे धुराच्या नळीतून सुमारे १३ किलोवॉट उष्णता वाहते. घरातले दोन किलोवॉटचे सहा-सात गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे हे झाले. शिवाय रेडिएटरवरून आलेली गरम हवा तळाखालूनच मागे जाते.

धूर स्वच्छ करण्याच्या उपायांनी यात भर घातली. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांवर काजळी गाळणारे फिल्टर आले. साचलेली काजळी जाळताना फिल्टरचे तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. हवा स्वच्छ व्हावी म्हणून हे आवश्यकच आहे, पण चालकाच्या पायाखालची उष्णता नीट अडवण्याची गरजही त्यामुळे वाढली.

गोणपाटाचे काय?

सुमारे ४४ अंशांना त्वचेला वेदना सुरू होतात. ६० अंशांच्या धातूला काही सेकंद चिकटून राहिले तर भाजते. म्हणून चालकाने पत्र्यावर कोरडे गोणपाट टाकले, तर रम्फर्डच्या नियमाने पाय वाचतो. ते पेडलच्या आड येणार नाही एवढे मात्र पाहावे. भिजवल्यास बाष्पीभवनासाठी दर किलो पाण्यामागे सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, त्यामुळे काही काळ गारवा मिळतो. पण रोजच्या ओलाव्याने पत्रा गंजतो, भोके पडतात आणि त्यातून धूर आत येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; चालकाला गुंगी का येते ते कळतही नाही.

सर्वांत घातक म्हणजे गोणपाट किंवा चिंध्या पत्र्याच्या खालून, नळीजवळ कोंबणे. डिझेल सुमारे २१० अंशांना ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. डिझेलमध्ये किंवा ऑइलमध्ये भिजलेले बारदान तापलेल्या नळीला टेकले, तर काय होईल हे सांगायला नको.

योग्य क्रम असा. प्रथम नळीचे सांधे गळतात का ते पाहावे आणि गियरच्या दांड्याभोवतीची व तारांची भोके रबराने बंद करावीत. मग नळी आणि तळ यांच्यामध्ये, दोन्हींना न टेकता, ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा बसवावा. गाडीला मुळात असा पत्रा असतो. तो खडखडतो म्हणून पुष्कळदा काढून फेकलेला आढळतो. मध्ये मोकळी हवा खेळली पाहिजे. दोन काळ्या समांतर पृष्ठभागांमध्ये एक काळा पडदा ठेवला, तर प्रारण निम्मे होते. एक-दशांश उत्सर्जकतेचा चकचकीत पडदा ठेवला, तर ते विसाव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात चिखल बसून लाभ घटतो, तरी उरतो तो पुष्कळ. तीच चांदी तळाला चिकटवून वर गालिचा अंथरला तर उपयोग नगण्य, कारण दोन्ही बाजूंनी स्पर्श असला की प्रारणाचा प्रश्न उरत नाही, वहन सुरू होते. केबिनच्या आत जाड, न पेटणारी चटई हा शेवटचा उपाय.

१४ मे १९७३ रोजी उड्डाण करताना अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाश प्रयोगशाळेचे संरक्षक आवरण उखडले आणि आतले तापमान असह्य झाले. अंतराळवीरांनी वर जाऊन छत्रीसारखा पडदा उघडला, तेव्हाच ती राहण्याजोगी झाली. तेथे केलेला उपाय आणि पिकअपखालचा पत्रा यांचे तत्त्व एकच : उष्ण वस्तू आणि माणूस यांच्यामध्ये, मोकळे अंतर ठेवून आडोसा.

वर्गात हा प्रयोग सहज होतो. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या, एक काजळीने काळा करा, दुसरा घासून लख्ख ठेवा. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून झाकण लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. नंतर मुलांना गावातल्या एखाद्या थंड, उभ्या गाडीच्या तळाखाली डोकावून पाहायला सांगा : नळी कोठून जाते? आडोशाचा पत्रा जागेवर आहे का? ज्याच्या घरी गाडी आहे, असा एखादा मुलगा वर्गात नक्की सापडेल. त्याने घरी जाऊन वडिलांना विचारलेला प्रश्न परीक्षेतल्या उत्तराहून मोलाचा ठरेल.