हिरव्या भिंतींचा इतिहास

घर नव्याने सजविले म्हणजे ते अधिक राहण्याजोगे झाले, हे गृहीतक आपल्या मनात इतके खोल रुजलेले आहे की, सजावटच रहिवाशाला आजारी पाडू शकेल ही शंका सहसा कुणाला शिवत नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपात मात्र ती शंका घेतली गेली आणि तिला निमित्त झाला एक रंग.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७७५ साली तांबे व आर्सेनिक यांच्या संयुगातून झळझळीत हिरवा रंग तयार केला. १८१४ मध्ये श्वाइनफुर्ट येथे त्याहून टिकाऊ असा दुसरा आर्सेनिकयुक्त हिरवा निघाला. धुराने काळवंडलेल्या शहरांतील माणसांनी बागेची हिरवाई भिंतीवरच्या कागदातून घरात आणली. १८३९ मध्ये लेओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अशा ओलसर खोल्यांतील कुबट वासाबद्दल जाहीर इशारा दिला. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच कुटुंबातील मुले दगावली. हा प्रथम घटसर्प वाटला होता. पुढे संशय हिरव्या कागदावर गेला.

विष भिंतीवरून शरीरात जाते कसे, हा खरा प्रश्न होता. १८९० च्या दशकात इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखविले की, काही बुरशी आर्सेनिकयुक्त द्रव्यावर वाढताना लसणीसारख्या वासाचा वायू सोडतात. १९३० च्या दशकात फ्रेडरिक चॅलेंजर यांनी तो ट्रायमिथाइल आर्सिन असल्याचे ओळखले. तथापि हा वायू समजला गेला तितका घातक नसावा, असा आक्षेप अलीकडच्या संशोधकांनी घेतला असून, कागदावरून झडणाऱ्या धुळीकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते. दोष कागदाचा होता, हे मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना या कथेत एक परिचित नाव भेटते. कवी, समाजवादी विचारवंत आणि ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ (१८९०) चा कर्ता विल्यम मॉरिस हा भिंतकागदांचाही थोर रचनाकार होता. त्याच्या सुरुवातीच्या ‘ट्रेलिस’ या कागदाच्या नमुन्यात आर्सेनिक असल्याचे २००३ मध्ये अँडी मेहार्ग यांच्या विश्लेषणातून दिसून आले. मॉरिसच्या घराण्याची संपत्ती डेव्हन ग्रेट कन्सोल्स या खाणीशी निगडित होती. ही तांब्याची खाण पुढे आर्सेनिकची मोठी उत्पादक बनली आणि १८७१ ते १८७५ या काळात मॉरिस तिच्या संचालक मंडळावर होता. १८८५ मधील एका पत्रात त्याने ही सारी भीती वेडगळ ठरविली. रोगाचे निदान न जमल्याने डॉक्टर कागदाला दोष देतात, खरा दोष बहुधा शौचकूपाचा असतो, असे त्याचे म्हणणे होते.

या नकाराला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. त्या काळी सांडपाण्यातून खरोखरच रोगराई पसरत असे, म्हणून मॉरिसचा तर्क सकृद्दर्शनी वाजवी होता. शिवाय सौंदर्य माणसाला निरोगी करते, यावर त्याच्या कलाविचाराची उभारणी होती. भिंतीला विषारी म्हणणे त्या विचारालाच धक्का देणारे ठरले असते.

ब्रिटनमध्ये या कागदांवर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही. ग्राहक धास्तावले, उत्पादकांनी आर्सेनिकमुक्त कागदाच्या जाहिराती केल्या आणि तो हिरवा मागे पडला.

विसाव्या शतकात द्रव्य बदलले. प्लायवूड व पार्टिकल बोर्ड जोडणाऱ्या राळेतून फॉर्माल्डिहाइड हवेत मिसळते. उष्मा व दमटपणा वाढला की अधिक मिसळते. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दमा बळावणे अशी त्याची लक्षणे नेहमीच्या सर्दीपडशाहून वेगळी ओळखू येत नाहीत. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्ककारक म्हटले. २००५ च्या कॅट्रिना वादळानंतर अमेरिकेत विस्थापितांना दिलेल्या फिरत्या घरांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतही हेच द्रव्य चिंताजनक प्रमाणात आढळले. ज्यांचे घर वाहून गेले, त्यांना निवाराही निर्धोक मिळाला नाही.

मॉरिसचे कलाविषयक निबंध वर्गात शिकविताना, त्याच्या भिंतींत राहणाऱ्यांनी कोणती हवा श्वासात घेतली, हाही प्रश्न विचारला जावा, असे आम्हाला वाटते. त्याने त्या निबंधांचे मोल कमी होणार नाही. सुंदर घर कशाला म्हणावे, हा त्यांतील प्रश्न मात्र अधिक खरा होईल.