एका राष्ट्राच्या जन्माची रिळे



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गिनी-बिसाव नावाचा एक लहानसा देश. त्या देशाच्या राजधानीत, बिसाव शहरात, पडून राहिलेली काही जुनी रिळे. आणि ती नष्ट होऊ नयेत म्हणून चार माणसांनी केलेली खटपट. ह्या साऱ्याशी आपले काय देणेघेणे? शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आम्ही आरंभीच देतो.

ज्या लिस्बनच्या राजवटीने गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापलीकडील प्रांत आहे असा हेका धरला होता, त्याच राजवटीने गिनीच्या माथीही तोच शिक्का मारला होता. एकाच सावकाराच्या वहीत दोघांचीही नावे होती. १९६१ च्या एप्रिल महिन्यात मोरोक्कोतील कासाब्लांका शहरी पोर्तुगीज वसाहतींतल्या स्वातंत्र्यवादी संघटनांची परिषद भरली, तेव्हा आफ्रिकेतील पुढाऱ्यांच्या पंक्तीस गोव्याच्या मुक्तीसाठी झटणारे प्रतिनिधीही बसले होते. गोव्यात जन्मलेले आणि पुढे मोझांबिकच्या राजकारणात मोठ्या योग्यतेस चढलेले अकीनो द ब्रागांसा हे त्या चळवळीतलेच. त्याच वर्षी डिसेंबरच्या १९ तारखेस गोवा मुक्त झाला. गिनीच्या लोकांना मात्र आणखी तेरा वर्षे झुंजावे लागले. तेव्हा ही कथा अगदीच परक्याची नाही.

त्या झुंजीचा पुढारी अमिलकार काब्राल. हा गृहस्थ शेतकीशास्त्रात पारंगत होता. लिस्बनला शिकून आल्यावर १९५३ साली त्याने सरकारी नोकरीत असताना गिनीतील शेतीची मोजणी केली, आणि त्या निमित्ताने गावोगाव हिंडून आपला देश पायांखाली घातला. १९५६ साली त्याने आपल्या सहकाऱ्यांसह स्वातंत्र्यवादी पक्ष स्थापन केला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये बिसावच्या पिजिगिती धक्क्यावर मजुरांनी मजुरीवाढीसाठी संप पुकारला. त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि सुमारे पन्नास माणसे मेली. अर्जविनंत्यांचा मार्ग बंद झाला असे पक्षाचे मत झाले, आणि १९६३ च्या जानेवारीत सशस्त्र लढ्यास तोंड लागले.

आता ह्या लढ्यात कॅमेऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. काब्रालला ते काम नेमके कळले होते. पोर्तुगीज सरकार जगाला सांगत होते की, हा पक्ष म्हणजे शेजारच्या देशात बसून आरोळ्या ठोकणारी टोळी आहे. गिनीच्या आत सर्व आलबेल आहे. रानात मात्र मुक्त झालेल्या मुलखात शाळा भरत होत्या, दवाखाने चालत होते, बाजार भरत होते. पण रानातली शाळा न्यूयॉर्कला कशी दाखवावी? परदेशी चित्रपटकार येत, काही दिवस राहत, चित्रे टिपून नेत. त्यांचा उपयोगही झाला. परंतु दुसऱ्याने आपल्याकडे पाहणे वेगळे आणि आपण आपल्याकडे पाहणे वेगळे. म्हणून १९६७ साली काब्रालने चार कोवळ्या मुलांना क्यूबात पाठविले: साना ना न्हादा, फ्लोरा गोमेश, जोझे बोलामा कोबुम्बा आणि जोझेफिना क्रातो. ह्यांपैकी फ्लोरा हे नाव ऐकून फसू नये, ते पुरुषाचे आहे. मुलगी एकटी जोझेफिना. सान्तियागो आल्वारेझ ह्या नामांकित अनुबोधपटकाराच्या हाताखाली ती शिकली आणि १९७२ साली मायदेशी रणांगणात परतली.

पुढे जे घडले ते ह्या चौघांच्या डोळ्यांदेखत घडले. १९७३ च्या जानेवारीच्या २० तारखेस कोनाक्री येथे काब्रालचा खून झाला. ज्या स्वातंत्र्यासाठी तो झिजला ते त्याला पाहावयास मिळाले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २४ तारखेस बोएच्या माळरानावर, पोर्तुगीज फौजा देशात असतानाच, जमलेल्या प्रतिनिधींनी स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. पुढच्या एप्रिलात लिस्बनमधलीच हुकूमशाही कोसळली, आणि १९७४ च्या सप्टेंबरात पोर्तुगालने ह्या स्वातंत्र्यास मान्यता दिली. १९७६ साली काब्रालच्या अस्थी कोनाक्रीहून बिसावला आणल्या गेल्या. त्या परतीवर ह्या तरुणांनी एक अनुबोधपट केला. पुढे सिनेमाची राष्ट्रीय संस्था निघाली आणि अशी सारी रिळे तिच्या कोठीत जमू लागली.

श्रोतेहो, जगातल्या फार थोड्या राष्ट्रांना आपला जन्म स्वतःच्या माणसांच्या डोळ्यांनी पाहावयास मिळतो. इतिहासाचे आपले अभ्यासक नेहमी सांगत आले आहेत की, बखर वाचावी, पण निवाडा अस्सल कागदावर करावा. बखर मागाहून लिहिली जाते आणि मागाहून लिहिणाऱ्यास शेवट ठाऊक असतो. अस्सल कागदास शेवट ठाऊक नसतो, हेच त्याचे मोल. बिसावची रिळे ही त्या राष्ट्राचे अस्सल कागद होत.

ह्याचे एक उदाहरण देतो. क्रिस मार्कर हा फ्रेंच चित्रपटकार त्या सुमारास बिसावच्या तरुणांना शिकवावयास गेला होता. पुढे १९८३ साली त्याचा 'सां सोलेय' हा चित्रपट आला. त्यात बिसावच्या कार्निव्हलची दृश्ये आहेत, ती साना ना न्हादा ह्यांनी टिपलेली. त्याच चित्रपटात १९८० च्या फेब्रुवारीतील एक समारंभ आहे. राष्ट्राध्यक्ष लुईश काब्राल, म्हणजे अमिलकारचे सावत्र बंधू, लढ्यातील वीरांना मानाच्या पदव्या देत आहेत, आणि नीनो व्हिएरा नावाच्या सेनानीच्या डोळ्यांतून पाणी वाहत आहे. पाहणाऱ्यास वाटते, हे कृतज्ञतेचे अश्रू. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या १४ तारखेस ह्याच नीनोने लुईश काब्राल ह्यांना पदच्युत करून सत्ता बळकाविली. मग ते अश्रू कशाचे होते? मानाचा दर्जा अपुरा वाटला म्हणून? की मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीने? नुसती फिल्म उत्तर देत नाही. ती एवढेच सांगते की, तो माणूस त्या क्षणी रडला. पक्षाने मागाहून लिहिलेल्या इतिहासात त्या अश्रूंना जागा मिळाली असती, असे आम्हांस वाटत नाही.

असा हा ठेवा नष्ट कसा होतो ते आता पाहू. फिल्मला दोन शत्रू: एक निसर्ग, दुसरा माणूस.

पूर्वीच्या नायट्रेट फिल्मला आगीचे भय असे. तिच्या जागी ॲसिटेटची फिल्म आली, ती सहसा पेट घेत नाही. म्हणून तिला निर्धोक फिल्म म्हणू लागले. पण उष्ण, दमट हवेत ह्या निर्धोक फिल्मलाही एक रोग जडतो. तिच्यातून आम्ल सुटू लागते. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबूस दर्प नाकात जातो. सुटलेले आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी कुजविते. म्हणजे रोग स्वतःच स्वतःला वाढवितो. फिल्म आक्रसते, वाकते, शेवटी यंत्रात चढत नाही. ह्या रोगाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती दुसऱ्या कोठून नव्हे, आपल्या भारत सरकारकडून. आपलीही हवा तशीच. बिसावची हवा समुद्रकाठची, महिनोन्‌महिने पाऊस झेलणारी. अशा ठिकाणी फिल्म टिकवायची तर थंड, कोरडी कोठी हवी. आणि ती अहोरात्र थंड ठेवायची तर न खंडणारी वीज हवी. गरीब देशाने ती वीज आधी इस्पितळाला द्यावी की रिळांना, हा प्रश्न विचारणे सोपे आहे, उत्तर देणे सोपे नाही.

दुसरा शत्रू माणूस. १९९८ च्या जूनमध्ये बिसावमध्ये यादवी पेटली. ती पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चालली आणि तिच्यात नीनोची सत्ता गेली. त्या धुमश्चक्रीत सिनेमासंस्थेची धूळधाण झाली आणि रिळांचा मोठा भाग नाहीसा झाला. परक्याशी लढताना, नद्या ओलांडताना, बॉम्बच्या भयात जपलेली रिळे स्वतःच्या घरातल्या भांडणात गेली! अशी गत फक्त बिसावचीच झाली असे नाही. मोझांबिकच्या राष्ट्रीय चित्रपटसंस्थेस १९९१ साली आग लागली आणि तिचाही पुष्कळसा ठेवा जळाला.

उरलेल्या रिळांची कथा मात्र आशेची आहे. २०११ च्या सुमारास फिलिपा सेझार ही पोर्तुगीज चित्रपटकर्ती साना ना न्हादा आणि फ्लोरा गोमेश ह्यांच्याबरोबर ह्या कामास लागली. २०१२ साली उरलेली रिळे बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत नेण्यात आली आणि सुमारे ४० तासांच्या चित्रांच्या डिजिटल प्रती निघाल्या. ह्यात ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट अशी की, रिळांवरचे डाग, बुरशी, ओरखडे पुसून चित्र साजरे करण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. जशी होती तशीच ती उतरविली. अस्सल कागदावरचे वाळवीचे छिद्र बुजवून त्या जागी आपल्या मनाचे अक्षर भरू नये, ह्याच न्यायाने.

पण खरी अडचण पुढेच होती. चित्र पुष्कळदा मुके. आवाज वेगळ्या ध्वनिफितींवर. कोणता आवाज कोणत्या चित्राचा, ह्याचा मेळ लागेना. अनेक चित्रपट तर अर्धेच राहिलेले. अशा एका अपुऱ्या चित्रपटाचे तेथील बोलीतले नाव होते 'लुता का काबा इंदा', म्हणजे 'लढा अजून संपलेला नाही'. तेच नाव ह्या सगळ्या उद्योगाने घेतले.

मग २०१४ साली ह्या मंडळींनी प्रती घेऊन फिरता सिनेमा काढला. ज्या गावांत आणि रानांत ही दृश्ये टिपली होती तेथे जाऊन, उघड्यावर पडदा लावून खेळ केले. पडद्यावर मुकी चित्रे सरकत आणि साना ना न्हादा शेजारी उभे राहून सांगत: हे कोठले, हे कोण, हे केव्हाचे. पाहणाऱ्यांत लढ्यातले म्हातारे होते, आणि ज्यांनी लढ्याचे नावच तेवढे ऐकले होते अशी पोरेही होती. ह्या साऱ्या प्रवासावर 'स्पेल रील' हा चित्रपट २०१७ साली आला.

आमच्या मते ह्या प्रकरणातला खरा बोध येथे आहे. ऐतिहासिक चित्रे जपणे म्हणजे डबे थंड कोठीत ठेवून कुलूप लावणे, एवढाच अर्थ आपण घेतो. कोठी हवीच, तिच्यावाचून काहीच उरणार नाही. परंतु ज्या चित्रातला माणूस ओळखणारे कोणी उरले नाही, ते चित्र कोठीत शाबूत राहूनही अर्धे मेलेलेच. फिल्म पन्नास वर्षे टिकते, जपली तर शंभर वर्षेही टिकेल. तिच्यातल्या माणसांना नावाने हाक मारू शकणारा साक्षीदार तितका टिकत नाही. म्हणून दप्तरखान्याने तीन गोष्टी जपावयास हव्यात: फिल्म, तिची ओळख, आणि तिला पाहणारे तिचे लोक. पैकी पहिली यंत्राने साधते, दुसरी साक्षीदाराजवळ बसून त्याचे म्हणणे लिहून घेतल्याने, आणि तिसरी फिल्म कोठीबाहेर काढल्याने.

डिजिटल प्रत निघाली म्हणजे चिंता मिटली, असेही कोणी समजू नये. यंत्रे बदलतात, आजची प्रत उद्याच्या यंत्रात उघडत नाही; तिची पुन्हा पुन्हा नवी प्रत करीत राहावे लागते. शिवाय प्रत परदेशी शीतगृहात सुरक्षित आहे, एवढ्यावर राष्ट्राने समाधान मानावे काय? बर्लिनने केलेल्या उपकाराचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण स्वतःच्या जन्माचा दाखला पाहावयास दर वेळी परक्या गावी जावे लागणे, ही काही स्वातंत्र्याची पुरी खूण नव्हे. ज्या काब्रालने परदेशी चित्रपटकारांवर न विसंबता आपली चार मुले शिकावयास पाठविली, त्याला हे पहिल्यापासून कळले होते.

साना ना न्हादा आणि फ्लोरा गोमेश ह्यांनी पुढे कथापटही काढले आणि जगात नाव मिळविले. तरीही उतारवयात ते त्या आंबूस वासाच्या डब्यांकडे परत वळले. विशीत टिपलेले चित्र साठीत हातात घेऊन ते गावोगाव गेले आणि पडद्याशेजारी उभे राहून माणसांची नावे सांगू लागले. इतिहासाची सेवा ह्याहून वेगळी काय असते?